रखडलेली एम.एस्सी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढे पदव्यांची जी ओळ लिहिली जाते, तिच्यात एम.एस्सी. ही अक्षरे मध्येच कुठेतरी असतात. अलीकडे कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी., पलीकडे लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी, या मोठ्या नावांच्या गर्दीत वाचणाऱ्याची नजर तिच्यावर ठरत नाही. वास्तविक या पदवीची हकीकत त्यांच्या विद्यार्थिदशेतील सर्वांत खडतर वर्षांची हकीकत आहे. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले आणि पदवी हाती आली ती जून १९२१ मध्ये. या पावणेपाच वर्षांपैकी प्रत्यक्ष लंडनमध्ये राहून अभ्यास घडला तो जेमतेम दीड-पावणेदोन वर्षे. उरलेला काळ बडोद्यात अपमान सोसण्यात आणि मुंबईत परतीच्या प्रवासाचे पैसे जमवण्यात गेला.

अर्थशास्त्राला एम.एस्सी. कशी, असा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला पडू शकतो. लंडन विद्यापीठाने अर्थशास्त्राची गणना विज्ञानाच्या शाखेत केली होती आणि त्या विषयातील पदव्या बी.एस्सी., एम.एस्सी. व डी.एस्सी. अशा चढत्या क्रमाने दिल्या जात. १८९५ साली स्थापन झालेली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही त्या शिक्षणाची मुख्य संस्था होती. हिशेब, आकडे, सरकारी अहवाल आणि अंदाजपत्रके यांवर तिथल्या अभ्यासाचा भर असे, आणि भीमराव आंबेडकरांच्या बुद्धीला तो मानवणारा होता.

या वाटेची सुरुवात बडोद्यातून झाली. १८९१ साली इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत जन्मलेल्या भीमरावांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ मध्ये बी.ए. केले. त्या शिक्षणासाठीही सयाजीराव महाराज गायकवाडांनी दरमहा २५ रुपये दिले होते. महाराजांशी त्यांची गाठ घालून दिली ती मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी. बी.ए. होताच जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईला परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरतेच्या स्टेशनावर उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले तेव्हा सुभेदार रामजी सकपाळ अखेरच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ४ जून १९१३ रोजी, भीमरावांनी संस्थानाशी करार केला. संस्थानाने त्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवावे आणि परत आल्यावर त्यांनी दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, असे त्याचे स्वरूप होते. शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंडांची होती. तेव्हाच्या दराने ती रक्कम सुमारे १७२ रुपये, म्हणजे अमेरिकेत ५६ डॉलरच्या आसपास होई. मुंबईच्या चाळीत ही मोठी रक्कम वाटली असती. न्यूयॉर्कमध्ये खोलीचे भाडे, जेवण, पुस्तके यांत ती वाटून टाकावी लागे आणि वर त्यातलेच काही घरी रमाबाईंना पाठवायचे असे.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. नव्या देशातील पहिले काही महिने मित्रमंडळींत आणि हिंडण्याफिरण्यात गेले, हे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी न लपवता नोंदले आहे. कोणत्याही परदेशी विद्यार्थ्याचे पहिले सत्र बहुधा असेच जाते. मग मात्र त्यांना घरची आठवण आणि मुदतीची जाणीव झाली व अभ्यासाची बैठक बसली ती कायमची. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र यांचेही घेतले. एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे अध्यापक लाभले. जून १९१५ मध्ये एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा सुप्रसिद्ध निबंध वाचला आणि पुढच्याच महिन्यात भारताच्या सार्वजनिक अर्थव्यवहारावरचा प्रबंध सादर केला. त्याच काळात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ गोळा केले. ते भारतात पोहोचवण्याचे काम एका परिचितावर सोपवले. त्यांतले थोडेच पोहोचले.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना आणखी एक गोष्ट लाभली. वसतिगृहात, वर्गात, ग्रंथालयात कोणी त्यांची जात विचारली नाही. बावीस वर्षांच्या आयुष्यात प्रथमच ते पाणी प्यायला जाताना मागेपुढे पाहत नव्हते. नवल भथेना या पारशी तरुणाशी तिथेच मैत्री झाली आणि ती जन्मभर टिकली. पुढे या मैत्रीचा संबंध थेट त्यांच्या एम.एस्सी.शी आला.

१९१६ च्या मध्याला ते लंडनला आले. सेलिग्मन यांनी तिथले अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र दिले होते. ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नोव्हेंबरात ग्रेज इन या कायद्याच्या संस्थेत प्रवेश झाला. हॅलफर्ड मॅकिंडर यांचा भूगोलाचा आणि एल. टी. हॉबहाउस यांचा समाजशास्त्राचा वर्ग त्यांनी धरला. महायुद्ध ऐन भरात होते. एकीकडे अर्थशास्त्र, दुसरीकडे कायदा, अशी दुहेरी तयारी सुरू झाली असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्याकडून परत येण्याविषयी कळवण्यात आले. मुदतवाढीसाठी केलेली खटपट फळाला आली नाही.

दिवाणांच्या बाजूने पाहिले तर संस्थानाने ठरल्यापेक्षा जास्त काळ खर्च सोसला होता आणि करार स्पष्ट होता. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर ऐन मोक्याच्या वेळी हातातले काम सोडावे लागत होते. भीमरावांनी विद्यापीठाकडून एक सवलत मात्र मिळवली: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालवण्याची. या चार वर्षांच्या मुदतीवर पुढचे सारे आयुष्य त्यांनी आखले. परतताना पुस्तके व सामान ज्या बोटीने पाठवले ती बोट टॉर्पेडोने बुडाली. ते स्वतः दुसऱ्या बोटीने येत होते, म्हणून बचावले. ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला उतरले तेव्हा हाती टिपणेही पुरती नव्हती.

सप्टेंबरात ते बडोद्याला गेले. त्यांना उतरवून घेण्याची आज्ञा महाराजांनी दिली होती असे सांगतात, पण स्टेशनावर कोणी आले नाही. कोलंबियात तीन वर्षे शिकलेल्या, संस्थानच्याच खर्चाने विद्वान झालेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया भाडे ठरवून ते उतरले. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाने भरलेले मोठे दालन आणि रात्री एक मिणमिणता कंदील, एवढीच सोय होती. दिवसा हिशेब खात्याच्या कचेरीत उमेदवारी चाले. तिथले शिपाई कागद हातात न देता लांबून टेबलावर टाकीत. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव धर्मशाळेत चढून आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेला. भीमरावांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले.

हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे आणि बडोद्याच्या बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. त्या संध्याकाळी बागेत बसलेला तरुण अपमानित तर होताच, शिवाय पेचातही होता. करारानुसार दहा वर्षे नोकरी करायची ती याच शहरात, आणि लंडनची मुदत तर चालू झाली होती. नोकरी सोडावी तर संस्थानाचे देणे डोक्यावर, धरून ठेवावी तर राहायला छप्पर नाही. सयाजीराव महाराजांचे औदार्य खरे होते, ते भीमरावांनी कधी नाकारले नाही. महाराजांच्या हुकमाचा अंमल कचेरीच्या उंबऱ्यापर्यंतही पोहोचत नव्हता, हेही तितकेच खरे होते.

मुंबईत आल्यावर काही काळ शिकवण्या आणि किरकोळ कामे करून त्यांनी गुजराण केली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दरमहा ४५० रुपयांवर नेमणूक झाली. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मोजले नाही. पुढे दुसऱ्या महाविद्यालयांतील मुलेही त्यांच्या व्याख्यानाला येऊन बसू लागली. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांची इच्छा होती.

पगार चांगला होता, पण घरचे राहणीमान बदलले नाही. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांतच संसार चालू राहिला. रमाबाईंच्या हाती घरखर्चाला ठरावीक रक्कम पडे, बाकीची लंडनसाठी बाजूला टाकली जाई. प्राध्यापकाच्या घरात एवढी ओढाताण का, असा प्रश्न शेजाऱ्यापाजाऱ्यांना पडला असेल तर नवल नाही. रमाबाईंनी ती सोसली. चरित्रांतून लंडनच्या ग्रंथालयाचे वर्णन पानेच्या पाने येते, या दोन खोल्यांतील काटकसरीला दोन ओळी मिळतात, वास्तविक एम.एस्सी.चा निम्मा खर्च तिथूनच उभा राहिला.

याच सुमारास सार्वजनिक कामालाही सुरुवात झाली होती. जानेवारी १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी त्याला मदत केली आणि मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत ते आंबेडकरांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले. अशा वेळी, चळवळ नुकती उभी राहत असताना, पुढाऱ्याने देश सोडून परीक्षेला जावे हे काहींना खटकले असते. पण चार वर्षांची मुदत सप्टेंबर १९२१ च्या सुमारास संपत होती. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये त्यांनी पुन्हा बोट धरली.

लंडनच्या या दुसऱ्या मुक्कामाची दिनचर्या अनेकांना ऐकून माहीत आहे. सकाळी भाड्याच्या घरातली पावाची चकती, माशाचा तुकडा आणि कपभर बोव्हरिल एवढी न्याहारी. मग चालत ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. गाडीभाडे वाचवायचे म्हणून चालत. दार उघडण्यापूर्वी हजर आणि बंद होताना शेवटच्या माणसांत बाहेर. दुपारच्या जेवणाला बहुतेक फाटाच. संध्याकाळी इंडिया ऑफिसचे किंवा विद्यापीठाचे ग्रंथालय. रात्री पोटात आग पडली की ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे. खोलीत सोबत राहणारे असनोडकर झोपण्याचा आग्रह करीत. आंबेडकरांपाशी पैसाही थोडा होता आणि वेळही; म्हणून ते रात्रीचे तास कामी लावत.

पैशाच्या टंचाईला आणखी एक कारण होते आणि ते विलक्षण होते. १९२० च्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक मिळत. सरकारने दोन शिलिंगांचा दर टिकवण्याचा खटाटोप केला, तो साफ फसला आणि १९२१ च्या आरंभी रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड व्हायचे, तिथे तीनशे साडेबारा होऊ लागले. आंबेडकरांचे सारे आर्थिक बळ रुपयांत उभे राहिलेले होते. भारतातून पैसे मागवून लंडनमध्ये शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खिशाला या घसरणीने कात्री लावली, पण तिचे मूळ सरकारी चलनधोरणात शोधायला बसलेला त्यांच्यातला विद्यार्थी हाच. डी.एस्सी.साठी त्यांनी निवडलेला विषय होता रुपयाचा प्रश्न.

त्याआधी एम.एस्सी. पुरी करायची होती. तिचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्य सरकारच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतांत विकेंद्रीकरण कसे झाले, यावर होता. विषय रुक्ष वाटतो. त्यामागचा प्रश्न मात्र जिवंत आहे: प्रजेकडून गोळा होणारा कर कोणाच्या तिजोरीत जातो आणि तो कशावर खर्चायचा हे कोण ठरवते? १८३३ च्या कायद्याने खर्चाचे सारे अधिकार कलकत्त्याच्या मध्यवर्ती सरकारकडे गेले. प्रांतांनी मागायचे आणि केंद्राने द्यायचे, अशी रीत पडल्यामुळे काटकसर करण्यात कोणत्याच प्रांताला स्वारस्य उरले नाही; जो अधिक ओरडेल त्याला अधिक मिळे. १८७१ मध्ये लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत प्रांतांना ठरावीक रकमा नेमून देण्यास सुरुवात झाली. पुढे काही उत्पन्ने त्यांच्याकडे सोपवली गेली, मग उत्पन्नांची वाटणी झाली. या सर्व टप्प्यांतून अधिकार खरोखर किती खाली उतरला आणि किती केवळ हिशेबाच्या वहीत बदलला, याची छाननी आंबेडकरांनी या काळात केली. केंद्र आणि राज्ये यांच्यातील महसुलाच्या वाटपावर आजही दर काही वर्षांनी वाद झडतो. त्याची पूर्वपीठिका पाहायची तर १९२५ साली याच विषयावर प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ अजून उपयोगी पडतो. तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे.

जून १९२१ मध्ये विद्यापीठाने एम.एस्सी. दिली. मुदत संपायला तीन महिने उरले होते. सप्टेंबरात त्यांना शाहू महाराजांकडे दोनशे पौंड कर्जाऊ मागावे लागले, यावरून पदवी मिळाली तेव्हाची त्यांची स्थिती कळते.

पुढच्या प्रवासातही अडथळे होतेच. मध्यंतरी जर्मनीतील बॉन विद्यापीठात जाऊन त्यांनी तिथे शिकण्याचा प्रयत्न केला, बॅरिस्टरी पूर्ण केली आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयावरचा प्रबंध सादर केला. परीक्षकांना त्यातील ब्रिटिश धोरणावरची टीका मानवली नाही असे चरित्रकार सांगतात. प्रबंध पुन्हा लिहून देण्यास सांगण्यात आले. लंडनमध्ये थांबायला पैसे नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथूनच सुधारलेला प्रबंध पाठवला आणि निष्कर्ष न बदलता तो मान्य करून घेतला. वर्षाअखेर तो पुस्तकरूपाने आला, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पुस्तक आईवडिलांना अर्पण केलेले आहे. वकिलीची सनद घ्यायला पैसे नव्हते. ते पुन्हा नवल भथेना यांनीच दिले.

पुढील आयुष्य सर्वज्ञात आहे. कोलंबियाने १९५२ मध्ये आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या, त्या घ्यायला पैसे उसने काढावे लागले नाहीत. मात्र परदेशी शिक्षणाचा खर्च कुठून उभा करायचा हा प्रश्न ते विसरले नव्हते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे एक निवेदन सरकारला सादर केले. विज्ञान व तंत्रविद्या शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांना देशात शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि त्याच विषयांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांना सरकारी खर्चाने इंग्लंड-अमेरिकेला पाठवावे, या मागण्या त्यात होत्या. सरकारने अर्थसाहाय्य मंजूर केले आणि काही वर्षांतच या शिष्यवृत्तीवर निवडलेले विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत दाखल झाले.